चोर सोडून संन्याशाला सुळी? पिलाताचा निवाडा आणि पापांची क्षमा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येशू निर्दोष असल्याचे खुद्द न्यायाधीशाने, रोमी सुभेदार पिलाताने, सांगितले आणि तरीही त्याला वधस्तंभावर दिले. याच मरणामुळे आमच्या पापांची क्षमा झाली, असे ख्रिस्ती लोक म्हणतात. मग हे ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ असेच झाले नाही का? देवाने तारणाची इमारत अन्यायाच्या पायावर उभारली का? आणि सारे त्याच्याच योजनेप्रमाणे घडले असेल, तर बिचाऱ्या पिलाताला दोष का द्यायचा?

मंडळीत पाळक म्हणून मी बत्तीस वर्षे काम केले. दृढीकरणाच्या (तरुणांना मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्यापूर्वीच्या शिकवणीच्या) वर्गात हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारतोच, आणि बहुधा तो वर्गातला सर्वांत लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी असतो. सुरुवातीच्या काळात मी त्याला ‘देवाचे मार्ग अगाध आहेत’ असे सांगून गप्प बसवत असे. ते उत्तर नव्हते, पळवाट होती. म्हणून आता शक्य तितके सविस्तर लिहितो.

प्रथम हे मान्य करू की आपण वापरलेली म्हण इथे अक्षरशः लागू पडते. येशूऐवजी ज्या कैद्याला सोडले त्या बरब्बाला, येशूचे चरित्र म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी (मत्तय, मार्क, लूक, योहान) योहान लुटारू म्हणतो, आणि त्याने बंडात खून करणाऱ्यांबरोबर तुरुंगवास भोगला, असे मार्क सांगतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना हा अन्याय झाकायचा असता तर त्यांनी बरब्बाचे नाव गाळले असते. उलट चौघांनीही ते नोंदवले आहे. तेव्हा ‘खटला तसा रीतसरच झाला होता’ असे सांगून ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेचा बचाव करू नये; पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतःच तसा बचाव करत नाही.

लूकच्या तेविसाव्या अध्यायातली नोंद एखाद्या निकालपत्रासारखी वाचून पाहावी. पिलात एकदा सांगतो की या मनुष्यात मला काही दोष आढळत नाही. मग तो आरोपीला गालीलाचा शासक हेरोद याच्याकडे पाठवतो. तिथूनही काही सिद्ध न होता आरोपी परत येतो. तेव्हा पिलात म्हणतो की याने मरणदंडास योग्य असे काहीही केलेले नाही, म्हणून मी याला फटके मारून सोडून देतो. या वाक्यातल्या ‘म्हणून’पाशी मी नेहमी थांबतो. निर्दोष आहे, म्हणून सोडतो, हे समजते. निर्दोष आहे, म्हणून फटके मारतो, हे कोणत्या कायद्यात बसते? पण सत्य माहीत असूनही दबावाखाली तडजोड शोधणाऱ्या अधिकाऱ्याची भाषा अशीच असते. थोडासा अन्याय करून मोठा अन्याय टाळता येईल, असे त्याला वाटते. जमाव ते फटकेही पदरात पाडून घेतो आणि वधस्तंभही. तिसऱ्यांदा निर्दोष म्हटल्यावर थोड्याच ओळींनी पिलात जमावाच्या मागणीप्रमाणे निवाडा देतो.

त्याच्या हातात काही नव्हते असेही नाही. इ.स. २६ ते ३६ या काळात तो यहूदियाचा रोमी सुभेदार होता. १९६१ साली कैसरिया येथे सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव आणि हुद्दा कोरलेला आहे, आणि टॅसिटस या रोमी इतिहासकारानेही तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला मरणदंड दिल्याची नोंद केली आहे. रोमी नागरिकत्व नसलेल्या प्रांतातील माणसाच्या बाबतीत सुभेदाराचा शब्द जवळजवळ अंतिम असे. ना पंचांची अट, ना अपिलाची भीती. मग तो का वाकला? योहानाने कारण दिले आहे: याला सोडले तर तुम्ही कैसराचे मित्र नाही, अशी हाक जमावातून उठली. सत्य आणि नोकरी यांपैकी त्याने नोकरी निवडली. (ती फार टिकली नाही. शोमरोनी लोकांवर केलेल्या अत्याचाराच्या तक्रारीवरून त्याला रोमला परत जावे लागले, असे योसेफस लिहितो.)

मत्तय त्याच्या हात धुण्याची हकीकत देतो. आपण त्याकडे ‘हात वर केले’ एवढ्याच अर्थाने पाहतो. पण या कृतीमागे मोशेच्या नियमशास्त्रातला एक विधी उभा आहे. शिवारात प्रेत सापडले आणि खुनी कोण ते कळले नाही, तर जवळच्या नगराच्या वडील मंडळींनी कालवडीवर हात धुऊन, निर्दोष रक्ताचा दोष आमच्या लोकांवर ठेवू नकोस, अशी प्रार्थना करावी, असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. तो विधी खुनी अज्ञात असतानाचा होता. इथे मरणारा अजून जिवंत आहे, मारणाऱ्याचा हुकूम अजून सुटायचा आहे, आणि हात धुणारा व हुकूम देणारा एकच आहे. निर्दोष रक्त माझ्या हातून गेले अशी कबुली येशूला धरून देणारा शिष्य यहूदा चांदीची तीस नाणी परत करताना देतो. तेव्हा याजक त्याला ‘तुझे तू पाहून घे’ म्हणतात, आणि पुढे पिलात जमावाला जवळजवळ त्याच शब्दांत ‘तुमचे तुम्ही पाहा’ म्हणतो. प्रत्येक जण ते रक्त पुढच्याच्या ओंजळीत ओतत जातो.

पिलाताआधी यहूदी न्यायसभेत झालेल्या चौकशीबद्दल फार लिहीत नाही. साक्षीदारांच्या साक्षी जुळल्या नाहीत, हे मार्कने नोंदवले आहे, आणि दोघातिघांच्या साक्षीवाचून मरणदंड देऊ नये, हा नियमशास्त्राचा दंडक होता. मरणदंडाचा खटला रात्री चालवू नये वगैरे मिश्ना या यहूदी नियमसंग्रहातील नियम दाखवून काही उपदेशक त्या चौकशीत डझनभर बेकायदा गोष्टी मोजतात. परंतु मिश्नाचे संकलन इ.स. २००च्या सुमाराचे आहे आणि त्यातले नियम दीडशेहून अधिक वर्षे मागे नेऊन लावणे सावधपणाचे नाही. शिवाय या दोषांची यादी वाढवता वाढवता सारा ठपका यहूदी लोकांवर ठेवण्याची वाईट परंपरा ख्रिस्ती जगतात शतकानुशतके चालली आणि तिच्यातून फार रक्त सांडले. येशूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही, असे कॅथॉलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. ते फार आधी व्हायला हवे होते.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. उत्तम शुक्रवारी (येशूच्या मरणाच्या स्मरणदिनी) आम्ही प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो, तेव्हा त्यात येशू आणि मरिया यांच्याखेरीज एकाच माणसाचे नाव येते, ते पंतय पिलाताचे. वसईकडच्या कॅथॉलिक मंडळींत ‘क्रुसाची वाट’ चालताना चौदा स्थानांपैकी पहिले स्थान त्याच्याच निवाड्याचे असते. तारणाच्या गोष्टीत या न्यायाधीशाला इतकी मानाची, किंवा अपमानाची, जागा का? हायडेलबर्ग येथे १५६३ साली तयार झालेल्या प्रश्नोत्तरावलीत नेमका हाच प्रश्न अडतिसाव्या क्रमांकावर आहे, आणि उत्तराचा आशय असा की ख्रिस्त स्वतः निर्दोष असताना ऐहिक न्यायाधीशाकडून दोषी ठरवला गेला, ते आमच्यावर येणाऱ्या देवाच्या कठोर न्यायापासून आम्हांला सोडवण्यासाठी. धर्मसुधारक कॅल्व्हिनने त्याआधीच म्हटले होते की येशू वाटेत दरोडेखोरांच्या हातून किंवा दंगलीत मारला गेला असता तर या मरणाचा अर्थ वेगळा झाला असता. ते मरण न्यायासनापुढे, आरोपीच्या जागी उभे राहून, आणि ‘दोष नाही’ ही नोंद झाल्यानंतर आले. म्हणजे तो कोणाच्या तरी अपराधासाठी मेला आणि तो अपराध त्याचा स्वतःचा नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच कचेरीत सिद्ध झाल्या.

परंतु इथे आपला आक्षेप संपत नाही. खरे तर इथे तो सुरू होतो. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायातले पंधरावे वचन सांगते की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघेही परमेश्वराला सारखेच अमंगळ वाटतात. मी दुष्टाला नीतिमान ठरवणार नाही, असे निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो. आणि प्रेषित पौल मात्र रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाला अधर्म्याला नीतिमान ठरवणारा म्हणतो! नियमशास्त्रात मुरलेल्या पौलाला ही वचने ठाऊक नव्हती असे मानता येत नाही. म्हणजे आपल्या मनात आलेला विरोध त्याला पूर्ण दिसत होता, आणि तिसऱ्या अध्यायात तो त्याच विरोधाशी झुंजतो: देव स्वतः न्यायी राहून अपराध्याला नीतिमान कसा ठरवू शकेल?

एकाचा दोष दुसऱ्यावर घालणे शास्त्राला मान्य नाही, हेही आपण विसरू नये. बापाच्या अपराधासाठी मुलाला मारू नये, असे अनुवाद सांगतो. जो पाप करतो तोच मरेल, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. ‘करावे तसे भरावे’ हे तत्त्व केवळ आपल्याकडचे नाही. लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले, त्यानंतर मोशे देवाला म्हणतो की यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोडून टाक. इतके उदात्त आत्मार्पण. पण देव ते स्वीकारत नाही. ज्याने पाप केले त्याचेच नाव खोडीन, असे तो सांगतो. एकोणपन्नासावे स्तोत्र तर स्पष्ट म्हणते की कोणाही माणसाला आपल्या भावासाठी खंडणी भरता येत नाही. (आजच्या वाचकाला ‘खंडणी’ म्हटले की गुंडांची वसुली आठवते, मराठी शास्त्रातला या शब्दाचा अर्थ बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेले मोल असा आहे. ‘तारण’ शब्दाचेही तसेच आहे, इथे त्याचा अर्थ उद्धार, बँकेत निराळा. वर्गात या दोन शब्दांवर अर्धा तास जातो आणि तो वाया जात नाही.)

मोशेला नकार आणि येशूला होकार, हे कसे? माझ्या समजुतीप्रमाणे सगळे उत्तर ‘त्रयस्थ’ या एका शब्दाभोवती फिरते. वर्गात फळ्यावर लोक तीन वर्तुळे काढतात: एक रागावलेला देव, एक अपराधी माणूस आणि मध्ये सापडलेला एक निरपराध येशू. असे चित्र असेल तर आपली म्हण शंभर टक्के खरी आहे आणि असा देव निरपराध नाबोथाचा बळी घेणाऱ्या अहाब राजाहून वेगळा नाही. पण त्रैक्याची (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच देव, ही) शिकवण या चित्रातले तिसरे वर्तुळच पुसून टाकते. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे पौल करिंथकरांना लिहितो. न्यायासनावर बसलेला खाली उतरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आहे. त्याने दुसऱ्या कोणाला तिथे ढकललेले नाही. येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. पीडित पक्षाने स्वतः नुकसान सोसून अपराध्याला मोकळे करणे याला कोणत्याही भाषेत अन्याय म्हणत नाहीत. मोशे त्रयस्थ होता, आणि शिवाय स्वतःही पापी होता. त्याला ती जागा घेता येणार नव्हती.

यावरही एक मजबूत आक्षेप आहे, आणि तो फाउस्टुस सोसिनस या इटालियन धर्मचिंतकाने १५९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला: कर्ज दुसऱ्याने फेडले तर चालते, शिक्षा दुसऱ्याने भोगली तर चालत नाही, कारण पैसा कोणाचाही असला तरी तो पैसाच असतो, अपराध मात्र ज्याचा त्याचाच असतो. हा आक्षेप मला अजूनही वजनदार वाटतो, आणि ‘येशूने आमचे बिल भरले’ अशा उपदेशांवर तो बरोबर बसतो. नव्या कराराचे उत्तर असे आहे की ख्रिस्त आणि विश्वास ठेवणारा ही दोन सुटी माणसे राहत नाहीत. पौलाचा लाडका शब्दप्रयोग ‘ख्रिस्तामध्ये’ हा आहे. मार्टिन ल्यूथरने १५२० साली यासाठी विवाहाचा दाखला दिला: वर आणि वधू एक झाले की तिचे देणे त्याचे होते आणि त्याचे धन तिचे. शिक्षा ‘अ’कडून ‘ब’कडे सरकवली, असे घडलेले नाही, ‘अ’ आणि ‘ब’ एका देहाचे झाले. हे नाते मानले नाही तर सोसिनसचे म्हणणे खोडता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. दृढीकरणाच्या वर्गात बाप्तिस्म्याचा धडा मी मुद्दाम याच्यानंतर घेत असे.

इथे मंडळीतला एक अनुभव सांगतो. आमच्यातले एक गृहस्थ खोट्या गुन्ह्यात अडकून जवळजवळ दोन वर्षे कच्चे कैदी होते. पुढे न्यायालयाने त्यांना सोडले, पण निकालात संशयाचा फायदा दिल्याचे शब्द होते. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “पाळकसाहेब, पिलाताने निदान तोंडाने तरी निर्दोष म्हटले. मला सोडले, पण निर्दोष कोणी म्हटले नाही.” त्या वाक्याने मला नीतिमान ठरण्याचा सिद्धांत नव्याने शिकवला. आमची मंडळी देवाच्या क्षमेचा अर्थ बहुधा संशयाचा फायदा असाच घेते: पुरावा थोडा कमी पडला, देवाने जरा डोळेझाक केली, सुटलो. रोमकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय याच्या नेमके उलट सांगतात. तिथे पुरावा पूर्ण आहे, प्रत्येक तोंड बंद झाले आहे, अपराध सिद्ध आहे, आणि त्यानंतर नीतिमान ठरवण्याचा शब्द उच्चारला जातो. तो शब्द संशयावर आधारलेला नाही, म्हणून उद्या नवा पुरावा पुढे आला तरी तो फिरत नाही.

त्या गृहस्थांना नातेवाइकांनी ‘येशूनेही अन्याय मुकाट्याने सोसला, तुम्हीही सोसा’ असा सल्ला दिला होता. तो चुकीचा होता, आणि असा सल्ला देणाऱ्या पाळकांना मी हेच सांगतो. हन्ना या याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने विचारले की मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? पौलाने फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके खाल्ल्यावर गुपचूप निघून जायला नकार दिला, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. नाबोथाचा खटला आठवावा. अहाबाला त्याचा द्राक्षमळा हवा होता: दोन साक्षीदार, उपासाची घोषणा, भरसभेत आरोप, सगळे कागदोपत्री ठीक, आणि निर्दोष माणूस दगडमाराने मेला. देवाने एलीया संदेष्ट्याला अहाबाकडे पाठवले ते त्या द्राक्षमळ्याचा हिशेब मागायला. येशूचे मरण जगाच्या उपयोगी पडले, यावरून प्रत्येक निरपराधाचे भोगणे पवित्र ठरत नाही.

यावरूनच पुढचा मुद्दा निघतो, आणि तो आपल्या उपदेशांत फार कमी येतो. देवाने पिलाताचा निवाडा मंजूर केला नाही. त्याने तो उलटवला. पुनरुत्थान म्हणजे वरच्या न्यायालयाने खालचा निकाल रद्द करणे होय. प्रेषितांची कृत्ये वाचताना लक्षात येते की येशूचा शिष्य पेत्र जवळजवळ प्रत्येक भाषणात हीच मांडणी करतो: तुम्ही त्याला मारले, पण देवाने त्याला उठवले. तुम्ही पवित्र आणि नीतिमान अशाला नाकारून खुनी माणूस मागून घेतला, असे तो मंदिराच्या आवारात उघड म्हणतो. वधस्तंभाने आमचे तारण झाले, एवढ्याने पिलाताचा निर्णय बरोबर ठरत नाही. जर ठरत असता, तर तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होण्याचे कारण उरले नसते. आणि आपल्या नीतिमान ठरण्यासाठी त्याला उठवण्यात आले, असे पौल म्हणतो तेव्हा अर्थ हाच, की ज्याचा निकाल फिरवला गेला त्याच्याशी जोडलेल्यांचाही निकाल फिरला.

राहिला पिलाताचा प्रश्न. योजना देवाची होती तर अपराध त्याचा कसा? भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफ पुढे त्यांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजले, देवाने त्यातून चांगले योजले. एकाच घटनेत दोन हेतू आहेत आणि प्रत्येकाचा हेतू ज्याच्या त्याच्या खाती जमा होतो. पेत्रही पहिल्याच भाषणात दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगतो: देवाच्या ठाम संकल्पानुसार त्याला सोपवण्यात आले, आणि तुम्ही अधर्म्यांच्या हातून त्याला मारले. येशू स्वतः पिलाताला म्हणतो की ज्याने मला तुमच्या हाती दिले त्याचे पाप अधिक आहे. ‘अधिक’ म्हटले म्हणजे पिलाताचेही आहेच, कमी आहे इतकेच. तिथे हजर असलेल्यांपैकी स्वतःच्या वाट्याचे पाप सर्वांत नेमके मोजणारा माणूस म्हणजे शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार: आपली शिक्षा योग्य आहे, आपण केल्याचे फळ भोगतो आहोत, पण याने काही अयोग्य केलेले नाही. त्याने न्यायाधीशाला जमले नाही ते केले, आणि त्याच दिवशी सुखलोकाचे वचन त्याला मिळाले.

पिलाताला क्षमा मिळाली का, असेही आपण शेवटी विचारले आहे. शास्त्र त्याबद्दल काही सांगत नाही. इथिओपियाच्या प्राचीन मंडळीने त्याची गणना संतांमध्ये केली आहे, आणि ज्या पत्नीने स्वप्नामुळे त्याला ‘त्या नीतिमान मनुष्याच्या बाबतीत पडू नका’ असा निरोप पाठवला होता तिला पूर्वेकडील मंडळ्या पूज्य मानतात. पाश्चात्त्य परंपरेला हे फारसे पटलेले नाही, मलाही पूर्णपणे पटत नाही. ज्या जमावाने बरब्बाला मागून घेतले त्याच्याबद्दल मात्र नोंद आहे. ‘तुम्ही त्याला मारले’ हे पेत्राचे वाक्य ऐकून त्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, त्यांनी ‘आम्ही काय करावे’ असे विचारले, आणि त्या एका दिवसात यरुशलेमेत सुमारे तीन हजार माणसांची मंडळीत भर पडली.